मशीन घरात आली, आता पुढं काय?

मागच्या अंकात सीओपीडीवर दोन पानं लिहिली आणि शेवटी सहज एक ओळ टाकली की घरी नेब्युलायझर असेल तर त्याबद्दलचे प्रश्न पाठवा, तर इतके आले की गुडघे, शुगर, झोप सगळं पुढच्या महिन्यावर ढकलावं लागलं. बरेचसे इंदूरचेच, एक-दोन देवासचे. ज्यांनी मागचा अंक वाचला नाही त्यांच्यासाठी एका दमात सांगते (दम हा शब्द इथं जपूनच वापरावा लागतो), सीओपीडी म्हणजे फुप्फुसातल्या नळ्या कायमच्या अरुंद होणं, बिडी-सिगारेटनं, चुलीच्या धुरानं, वर्षानुवर्षांच्या धुळीनं, आणि झालेलं नुकसान भरून येत नाही, फक्त सांभाळता येतं. नेब्युलायझर म्हणजे औषधाचं बारीक धुकं करणारी मशीन.

मी डॉक्टर नाही. छातीच्या वॉर्डात एकतीस वर्षं सिस्टर होते, आणि रिटायर झाल्यावरही सुटका नाही कारण आमच्या थोरल्या दिरांना, घरात सगळे त्यांना दादा म्हणतात, हाच आजार. त्यामुळे डोस किती हे मी सांगणार नाही, तो तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचा. पण ठरलेला डोस छातीत जातोय की गालाला लागून वाया जातोय, ते सांगू शकते.

प्रश्न : ताई, माझे सासरे ७१ वर्षांचे आहेत, चाळीस वर्षं बिडी होती, तीन वर्षांपासून सोडलीय. डॉक्टरांनी मशीनमधून दिवसातून तीनदा ड्युओलिन आणि दोनदा बुडेकॉर्ट सांगितलंय. पण गेले आठ-दहा दिवस ते ड्युओलिन सहा-सात वेळा घेतायत, रात्री उठून स्वतःच लावतात. घेतलं की बरं वाटतं म्हणतात पण हात इतके थरथरतात की चहाचा कप बशीत वाजतो, छाती धडधडते. आम्ही काही बोललो की चिडतात. इतकं घेतल्यानं काही होतं का? — एक सून, राजेंद्रनगर

उत्तर : सूनबाई, कप बशीत वाजतो हे तुम्ही लिहिलंत ना, तिथंच मी थांबले, कारण हा आवाज मी आमच्या घरात ऐकलेला आहे.

ड्युओलिनच्या त्या छोट्या प्लास्टिकच्या कुपीत, म्हणजे रेस्प्यूलमध्ये, दोन औषधं असतात, लेव्होसालब्युटामॉल आणि इप्राट्रोपियम. पहिलं काही मिनिटांत श्वासनळीचे आवळलेले स्नायू सैल करतं, म्हणून लगेच बरं वाटतं, आणि त्याचा असर साधारण चार ते सहा तास राहतो. तेच औषध हाताच्या स्नायूंवर आणि हृदयावरही काम करतं, म्हणून थरथर आणि धडधड. ठरलेल्या डोसला थोडी थरथर होते आणि बहुतेकांची काही दिवसांत कमी होते, त्याला घाबरू नका. पण दिवसाला सहा-सात म्हणजे रक्तातलं पोटॅशियम खाली जाऊ शकतं, आणि सोबत पाय सुजतात म्हणून पाणी काढायची गोळी चालू असेल किंवा डेरिफायलिनसारखी धापेची गोळी असेल तर आणखीच, आणि मग हृदयाचे ठोके बिघडण्याची भीती असते. आधीच हृदयाचा त्रास असेल तर जास्तच.

पण माझ्या मते तुमचा खरा प्रश्न हा नाहीच. तीनाचे सात का झाले, हा आहे. ड्युओलिन नळी उघडतं, नळीची सूज उतरवत नाही, आत इन्फेक्शन असेल तर त्याला हातही लावत नाही. म्हणजे सासऱ्यांना दर वेळी बरं वाटतंय आणि आजार मात्र आतून वाढतोय असं असू शकतं. बेडका पिवळा-हिरवा झालाय का, जास्त पडतोय का, बाथरूमपर्यंत जाताना आधी थांबत नव्हते ते आता थांबतायत का, हे बघा आणि आजच डॉक्टरांना फोन करा. अशा वेळी डॉक्टर बहुतेक स्टेरॉइडच्या गोळ्यांचा पाच-एक दिवसांचा कोर्स देतात, लागलं तर अँटिबायोटिक देतात, म्हणजे उपाय आहे, पण तो मशीनच्या बटणात नाही.

आमच्या दादांचं सांगते. दिवाळीतली गोष्ट, लक्ष्मीपूजनाची रात्र, गल्लीत फटाक्यांचा धूर इतका की समोरचं घर दिसेना. मी स्वतः घरात, एकतीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई, आणि फराळ-पाहुणे यात माझं लक्ष नाही. दादा त्यांच्या खोलीत, टीव्ही चालू, मशीनचा घुर्रर्र आवाज अधूनमधून येतोय आणि मला वाटतंय की छान, घेतायत औषध. पहाटे बघायला गेले तर मास्क हनुवटीवर सरकलेला, मशीन कोरडीच चालू, उशीजवळ पाच रिकाम्या कुप्या आणि दादा गाढ झोपलेले. हाका मारल्या तर डोळे उघडायचे आणि परत मिटायचे, काहीतरी भलतंच बोलायचे. ती झोप नव्हती, अंगात कार्बन डायऑक्साइड साचला होता. श्वास पुरेसा बाहेर पडत नाही तेव्हा तो साचतो आणि माणसाला गुंगी येते, आणि घरचे म्हणतात की बिचारे रात्रभर जागले होते, झोपू द्या! दवाखान्यात नेलं, बायपॅपचा, म्हणजे दाबानं हवा आत ढकलणाऱ्या मशीनचा, मास्क लावला, चार दिवस ठेवलं, घरी आले. पाच कुप्यांपैकी निदान तिसरीलाच मला उठून जायला हवं होतं.

तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, त्या दिवसाच्या चौकोनात, एका कुपीला एक रेघ. दुधाचा हिशेब लिहितो ना, तसाच. डॉक्टरांनी सांगितलेल्या रेघा निळ्या पेनानं, आणि त्याच्यावर जादा घेतलं तर लाल. लाल दोन दिवस लागोपाठ दिसली की फोन. डॉक्टरांकडे जाताना कॅलेंडरचा फोटो काढून नेते, आणि खरं सांगते, रिपोर्टच्या फायलीपेक्षा डॉक्टर तो फोटोच जास्त वेळ बघतात. सासरे चिडतात म्हणालात तर पेन त्यांच्याच हातात द्या, पुरुषमंडळींना हिशेब ठेवायला दिला की राग कमी होतो असा माझा अनुभव आहे.

आणि फोनची वाट न बघता सरळ दवाखान्यात किंवा १०८ ला कधी, तर एक वाक्य पुरं बोलता येत नाही, ओठ-नखं निळसर दिसतायत, गुंगी किंवा भ्रम होतोय, छातीत दुखतंय, किंवा औषध घेऊन तास-दोन तास होत नाहीत तोच परत धाप लागतेय. अशा वेळी अजून एक कुपी लावून बघू म्हणत घरात बसू नका. गाडी येईपर्यंत लावली तर ठीक, गाडी बोलवायच्या ऐवजी नको.

प्रश्न : सिस्टर, मशीन धुवायची कशी? आम्ही मशीनचा औषध टाकायचा कप तसाच पिशवीत ठेवतो, आतून चिकट पांढरा थर आलाय, वासही येतो. दुसरं म्हणजे मशीन आमची हळू चालते, पंचवीस मिनिटं लागतात. औषध कमी वाटतं म्हणून त्यात आरओचं पाणी थोडं टाकतो, चालेल ना? नर्मदेचं पाणी आहे आणि वर आरओ केलेलं. — तिलकनगरहून एक वाचक

उत्तर : नाही, नाही आणि नाही. तीन गोष्टी विचारल्यात म्हणून तीनदा.

पाण्याचं आधी. आरओचं पाणी प्यायला चांगलं असेल, छातीत धुकं करून सोडायला नाही. ते निर्जंतुक नसतं, आणि पोटात गेलेल्या जंतूंना निदान पोटातलं आम्ल तरी भेटतं, फुप्फुसात असं कोणी स्वागताला बसलेलं नाही. शिवाय साधं पाणी, अगदी स्वच्छ असलं तरी, धुक्यासारखं आत गेलं की नळ्या आवळतात, म्हणजे ज्यासाठी मशीन लावली त्याच्या उलट. औषध वाढवायचंच असेल आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल तर फक्त ०.९ टक्क्यांचं स्टराइल नॉर्मल सलाइन, छोट्या कुपीतलं, दर वेळी नवीन. मोठी बाटली फोडून ती आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवायची, हे बऱ्याच घरांत चालतं, ते बंद करा. अर्धी वापरलेली कुपीसुद्धा टाकून द्यायची, दुपारसाठी वाटीत झाकून ठेवायची नाही (हसू नका, मी बघितलंय).

आता धुणं. कपात जे औषध उरतं तेच सुकून तो पांढरा थर होतो आणि ओलसर कपात जंतू वाढतात, ते पुढच्या डोसबरोबर थेट आत. मी काय करते ते सांगते. डोस झाला की आधी आपले हात धुवायचे, कप-झाकण-आतली छोटी टोपी वेगळी करायची, उरलेलं झटकायचं, पाण्याखाली धरायचं, मग स्वच्छ फडक्यावर उपडं ठेवून पंख्याखाली आपोआप सुकू द्यायचं. पुसायचं नाही, फडक्याचे धागे त्या बारीक भोकात अडकतात. दिवसातून एकदा भांड्याच्या साबणाचं कोमट पाणी, कप आणि मास्क किंवा माउथपीस दोन्ही, नीट खंगाळून. आठवड्यातून एकदा एक वाटी पांढरा व्हिनेगर आणि तीन वाट्या पाणी, त्यात अर्धा तास बुडवून परत धुवायचं, व्हिनेगर ओतून द्यायचं, जपून ठेवायचं नाही. काही कप उकळायला चालतात काही वितळतात, तेव्हा डब्यातल्या कागदावर काय लिहिलंय ते बघा. कागद हरवला असेल तर उकळू नका.

लांब नळी मात्र आतून धुवायची नाही. त्यात पाण्याचे थेंब दिसले तर कप काढून नुसती मशीन दोन-तीन मिनिटं चालवा, हवेनं सुकते. मशीनही बुडवायची नाही, प्लग काढून वरून ओल्या कापडानं पुसायची, झालं.

पंचवीस मिनिटांचं कारण बहुतेक तुमचा थरच आहे. साधारण पाच ते दहा मिनिटांत औषध संपतं, कप फुर्रफुर्र करायला लागला की कडेला दोन टिचक्या मारायच्या, परत फुर्रफुर्र झालं की संपलं. त्याहून फार वेळ लागतोय म्हणजे एक तर भोक चोंदलंय, त्यात सुई घालू नका, भोक मोठं झालं की धुक्याचे थेंब मोठे होतात. खोल जायला थेंब एक ते पाच मायक्रॉनचा लागतो, आपला केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो, त्यावरून अंदाज घ्या, मोठा थेंब घशातच बसतो. कप नवीन घ्या, मशीनच्या मानानं स्वस्त पडतो. नाहीतर मशीनचा फिल्टर करडा झालाय, एक छोटं गोल झाकण असतं तिथं, उघडून बघा, पांढरा होता तो करडा दिसला की बदलायचा. दवा बाजारात मिळतो, मॉडेल नंबरचा फोटो घेऊन जा.

आणि मशीन रजईवर ठेवून चालवू नका, खालची-मागची हवेची जाळी बंद होते, मोटर तापते. टेबलावर ठेवा. फोडणीच्या वेळी स्वयंपाकघरात नको, उदबत्ती लावलेल्या देवघरातही नको, मशीन खोलीतलीच हवा ओढते हे लोक विसरतात.

प्रश्न : मी ६८ वर्षांचा रिटायर्ड मास्तर. सीओपीडी, काचबिंदू आणि प्रोस्टेट, तिन्ही पाहुणे मुक्कामाला आहेत. सकाळी टिओवाची कॅप्सूल हातातल्या छोट्या इनहेलरमध्ये फोडून ओढतो आणि दोनदा ड्युओलिनचा नेब्युलायझर. मास्क लावला की दुपारपर्यंत डोळ्यांसमोर धूसर, लघवीलाही जोर करावा लागतो. वय झालं म्हणून सोडून देऊ का? — एक मास्तर, रामबाग

उत्तर : मास्तर, सोडून देऊ नका, हे वयाचं नाही, औषधाचं असण्याची दाट शक्यता आहे.

ड्युओलिनमधलं दुसरं औषध, इप्राट्रोपियम, मास्कच्या वरच्या फटीतून निसटलं की सरळ डोळ्यांत जातं, बाहुली मोठी होते, आणि काचबिंदूच्या काही प्रकारात डोळ्याचा दाब अचानक वाढू शकतो. डोळा लाल, खूप दुखतोय, दिव्याभोवती रंगीत कडं दिसतंय, उलटीसारखं होतंय, असं झालं तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर, उद्या नाही. एरवी उपाय सोपा, मास्क सोडा आणि माउथपीस घ्या, बासरीच्या तोंडासारखा असतो, दातांत धरून ओठ मिटायचे आणि तोंडानं श्वास घ्यायचा. औषध नाकात अडत नाही, डोळ्यांत जात नाही आणि छातीत जास्त पोहोचतं. मास्क मी फक्त त्यांनाच सांगते ज्यांना ओठांत धरणं जमत नाही, खूप थकलेले, लकवा झालेले. मास्कच लागत असेल तर घट्ट बसणारा, आणि डोळे मिटून.

लघवीचं कारणही तेच औषध, आणि आता मुद्द्याची गोष्ट, तुमच्या टिओवातलं टायोट्रोपियम हे त्याच घराण्यातलं आहे. एक चोवीस तास चालणारं, एक कमी वेळाचं, पण काम तेच, म्हणजे एका कामाला दोन माणसं लावल्यासारखं झालंय. फायदा फारसा वाढत नाही, तोंड कोरडं पडणं, लघवी अडणं, डोळे, हे सगळं मात्र वाढतं. बहुतेक टिओवा एका डॉक्टरांनी दिलं असेल आणि ड्युओलिन दुसऱ्यांनी, आणि दोघांनाही एकमेकांचं माहीत नसेल. स्वतःच्या मनानं एकही बंद करू नका, सगळ्या कुप्या, कॅप्सूल, डोळ्यांचे थेंब एका पिशवीत भरा आणि पिशवीच डॉक्टरांच्या टेबलावर उलटी करा. लघवी पूर्ण अडली तर मात्र थांबायचं नाही, लगेच दवाखाना.

प्रश्न : बुडेकॉर्टमध्ये स्टेरॉइड आहे असं कळलं म्हणून आईला बरं वाटलं की आम्ही बंद करतो, त्रास झाला की चालू. बरोबर आहे ना? आणि दोन्ही औषधं एकदम टाकली तर चालतात का? — लोकमान्यनगर

उत्तर : बरोबर नाही. बुडेकॉर्टमधलं बुडेसोनाइड हे आग लागल्यावर टाकायचं पाणी नाही, ते हळूहळू सूज कमी ठेवतं, त्यामुळे त्रास झाला की चालू केलं तर त्या दिवशी काहीच हाती लागत नाही आणि तुम्ही म्हणणार की औषध बेकार. तसंच फॉर्मोटेरॉलसारखी बारा तासांची औषधंही आता मशीनमधून देतात, तीही रोजच्या वेळेचीच, धाप लागली म्हणून मध्येच जादा लावायची नाहीत. घरात कोणतं रोजचं आणि कोणतं तातडीचं हे डब्यावर मार्करनं लिहून ठेवा, कुप्या दिसायला सगळ्या बहिणी-बहिणी असतात.

स्टेरॉइडची भीती समजते मला, पण गोळीच्या मानानं हा डोस फार लहान आणि बराचसा छातीपुरता. त्याचा त्रास होतो तो मुख्यतः तोंडात, जिभेवर पांढरे डाग येतात, आवाज बसतो, म्हणून घेतल्यावर चूळ भरून थुंकायची, गिळायची नाही, मास्क असेल तर तोंडही धुवायचं. आणि हेही खरं की सीओपीडीवाल्यांना या औषधानं न्यूमोनियाची शक्यता थोडी वाढते, सगळ्यांनाच ते लागतं असं नाही, त्यामुळे आईला का दिलंय हे डॉक्टरांना जरूर विचारा, ताप आणि बेडका वाढला तर कळवा. पण बंद करायचं ते विचारून.

एकत्र टाकायचं तर बुडेसोनाइड आणि ड्युओलिन एका कपात चालतात, डॉक्टरांनी तसं सांगितलं असेल तर. बुडेसोनाइडची कुपी आधी हलक्या हातानं हलवा, औषध तळाशी बसतं. दुसरं काहीही, इंजेक्शनची बाटली, खोकल्याचं औषध, केमिस्ट म्हणाला म्हणून, काही नाही. आणि तुमची मशीन अल्ट्रासॉनिक असेल, म्हणजे घुर्रर्र आवाज न करता ध्वनिलहरींच्या थरथरीनं धुकं करणारी (बारीक जाळीची मेश मशीन वेगळी), तर तिच्यात बुडेसोनाइड चालत नाही, नीट धुकं होत नाही. खरेदीच्या वेळी दुकानदार हे सांगेलच असं नाही.

जाता जाता एक, कारण याच प्रश्नाच्या खाली कोणीतरी पेन्सिलनं विचारलंय की बाटलीतलं सालब्युटामॉल, म्हणजे नळी उघडणारंच औषध, स्वस्त पडतं, ते घेऊ का. घ्या, पण ते कुपीसारखं तयार नसतं. बाटलीत एका मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम, त्याच्याच कुपीत अख्ख्या २.५ मिलिलिटरला २.५ मिलिग्रॅम, म्हणजे बाटली पाचपट कडक. कुपीच्या अंदाजानं ओतलं तर काय होईल याचा हिशेब करा. डॉक्टरांनी लिहिलेला अर्धा की एक मिलिलिटर तो सिरिंजनं मोजून, सलाइन घालून, आणि चष्मा लावून. जमणार नसेल तर कुपीच बरी, जनऔषधी केंद्रात विचारून बघा.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर आलंय की कपात निलगिरीच्या तेलाचे दोन थेंब आणि भीमसेनी कापूर टाकला की छाती मोकळी होते. करू का? आणि शेजारच्या काकूंना सर्दी झालीय, त्या मशीन मागतायत. — सुदामानगर

उत्तर : तेल फुप्फुसात गेलं की सहज बाहेर येत नाही, त्यानं न्यूमोनिया होऊ शकतो, आणि कापूर-निलगिरीनं नळ्या आवळू शकतात. मोकळं वाटतं ते नाकाला गार लागतं म्हणून. २०२१ च्या लाटेत आठवतंय ना, रिकाम्या नेब्युलायझरनं ऑक्सिजन वाढतो असा व्हिडिओ फिरला होता, आमच्या गल्लीत तीन घरांत लोक रिकामा कप लावून बसले होते. मशीन ऑक्सिजन बनवत नाही, खोलीतली हवाच दाबून सोडते. वाफारा वेगळा, मशीन वेगळी.

काकूंना सर्दीसाठी मशीन लागतच नाही. त्यांच्या डॉक्टरांनी लिहून दिली असेल तर मशीन द्या, कप-मास्क-नळी त्यांनी स्वतःची आणायची. नाही म्हणायला जड जात असेल तर माझं नाव सांगा.

प्रश्न : वडिलांना घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आहे, ऑक्सिमीटर ९० दाखवतो. आम्ही घाबरून फ्लो वाढवतो, मग ९७ येतो. नेब्युलायझर लावताना ऑक्सिजन काढायचा का? — देवास

उत्तर : फ्लो वाढवू नका! सीओपीडीमध्ये ऑक्सिजनवर असलेल्यांना बहुतेक ८८ ते ९२ च्या मध्ये ठेवतात. ९७ बघून आपल्याला आनंद होतो पण काही पेशंटमध्ये जास्त ऑक्सिजननं तोच कार्बन डायऑक्साइड साचतो जो आमच्या दादांना साचला होता. वडिलांचा आकडा किती हवा तो डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि कॉन्सन्ट्रेटरवर चिकटवा. नेब्युलायझर हवेवर चालणाऱ्या त्याच्या स्वतःच्या मशीननंच लावायचा, आणि नाकातली ऑक्सिजनची नळी तेवढ्या वेळात ठरलेल्या फ्लोवर तशीच ठेवायला बहुतेक सांगतात, माउथपीस असेल तर दोन्ही आरामात जमतं, तरी एकदा विचारा. आणि त्या खोलीत निरांजन, उदबत्ती, बिडी काही नाही. ऑक्सिजनमध्ये ठिणगीचा भडका होतो.

प्रश्न : पंप चांगला की मशीन? आमचे मामा म्हणतात पंप म्हणजे कच्चं औषध, मशीन म्हणजे पक्कं. — वाचक, पारसी मोहल्ला

उत्तर : मामांना म्हणावं उलट नसलं तरी सारखंच आहे. पंप, म्हणजे दाबून ओढायचा इनहेलर, स्पेसरला लावून, म्हणजे ती प्लास्टिकची फुग्यासारखी नळी, नीट घेतला तर बहुतेक लोकांना मशीनइतकाच फायदा होतो, खिशात मावतो, लाइट लागत नाही, धुणं कमी. मशीन त्यांच्यासाठी ज्यांना पंप दाबणं आणि श्वास ओढणं जुळत नाही, हात वाकडे झालेत, किंवा धाप इतकी आहे की खोल श्वास घेता येत नाही. मशीनचा आवाज मोठा असतो म्हणून इज्जत जास्त मिळते, दुसरं काय!

प्रश्न : ताई, रंगपंचमीची गेर, म्हणजे आपली रंगांची मिरवणूक, बघायला राजवाड्यावर जायचंय, पन्नास वर्षांत चुकवली नाही. आणि नंतर पुण्याला मुलीकडे ट्रेननं. मशीन कशी न्यायची? — एक हौशी आजोबा, खातीपुरा

उत्तर : आजोबा, गेर या वर्षी कोणाच्या तरी दुसऱ्या मजल्याच्या बंद खिडकीतून किंवा टीव्हीवर. त्या गुलालाच्या तोफा हवेत उडतात ना, तो सगळा बारीक भुगा आहे आणि तुमच्या फुप्फुसाला राजवाड्याशी काही देणंघेणं नाही. रागावू नका, मी आमच्या दादांनाही कोंडूनच ठेवते त्या दिवशी.

ट्रेनमधला प्लग मोबाइल-लॅपटॉपसाठी असतो, मोठ्या मशीनच्या भरवशावर निघू नका. डॉक्टरांना विचारून प्रवासापुरता पंप आणि स्पेसर घ्या, नाहीतर बॅटरीवर चालणारी छोटी मेश मशीन मिळते, ती महाग असते आणि तिची जाळी नाजूक, दर वेळी धुवावी लागते, बोट लावायचं नाही. प्रवासात लावलीत तर खाली पाय सोडून ताठ बसून, आडवं पडून नाही. कुप्या त्यांच्या चंदेरी पाकिटातच ठेवा, उजेडानं आणि उन्हानं खराब होतात, बॅग खिडकीजवळ नको. पाकीट फोडल्यावर किती दिवस चालतं ते त्यावरच छापलेलं असतं, फोडलेली तारीख पेनानं लिहा. चिठ्ठी आणि कुप्या हातातल्या पिशवीत, सीटखालच्या बॅगेत नाही. आणि मुलीच्या घरी पोचलात की तिच्या कॅलेंडरवर रेघा मारायला सुरुवात करा, निळं पेन सोबत न्या, लालही.